पंचांगाबरोबर आलेला पाहुणा

मेल वीधी, तंजावूर
३ फेब्रुवारी २०२४

चि. अखिलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काकाने हाताने पत्र लिहिलं म्हणजे कोणी तरी गेलं असं समजू नकोस. सगळे आहेत. उलट घरात एक जण वाढला आहे.

तुला ठाऊक आहे, आपल्या घरी सण मराठी तिथीने चालतात आणि बाकीचं सगळं तमिळ महिन्यांनी. दोन्ही शेजारी शेजारी दाखवणारं पंचांग मला दुकानात मिळालं नाही. संगणकावर फुकट मिळालं. ते काहीबाही विचारत गेलं, मी 'पुढे', 'पुढे' दाबत गेलो. पंचांग आलं आणि त्याच्याबरोबर शोधायची एक पट्टीही आली. तिच्यात शब्द टाकला की तो आपल्या संगणकात जिथे असेल तिथून ती काढून दाखवते. इंटरनेटवरचंही दाखवते. विमा कचेरीतलं माझं निरोपाचं भाषण सापडलं तेव्हा मी खूश झालो. मग वाटलं, हिने ते वाचल्याशिवाय सापडलं कसं?

संगणक दुरुस्त करणाऱ्या मुरलीला फोन केला. लपवलेल्या फाइली कशा पाहायच्या ते त्याने सांगितलं. पाहिल्या. फिक्या रंगाची रांगच्या रांग. मी ठेवलेली त्यात एकही नव्हती. मुरली म्हणाला, सार, त्या सिस्टिमच्या फाइली, हात लावू नका. माझ्या घरात निजलेल्या माणसाला मी नाव विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी सगळ्या पुसल्या. संगणक बंद करून चालू केला, तर सगळ्या परत जागेवर.

आता खरं कारण. तपासणीत माझी साखर बरीच वाढलेली निघाली. अहवाल मेलवर आला. वाचला आणि पुसला. पट्टीत 'साखर' टाकून पाहिलं, तर पुसलेला अहवाल ओळीन् ओळ हजर. हे तुझ्या काकूला कळता कामा नये. कळलं तर माझ्याआधी तीच आजारी पडेल, आणि तिरुवैयारूचा अशोका हलवा बंद होईल तो वेगळाच.

हा पाहुणा कसा घालवायचा ते लिही. मेल करू नकोस, तो वाचेल. फोन करू नकोस, या घरात फोन दोघांना ऐकू येतो. उत्तर नटराजच्या झेरॉक्स दुकानाच्या पत्त्यावर टाक.

लोभ आहेच. तोंड मात्र बंद ठेवावे.

तुझा
चिदंबरकाका


मेल वीधी, तंजावूर
६ फेब्रुवारी

चि. अखिलास भामाकाकूचे आशीर्वाद.

अक्षरं तमिळ आहेत, भाषा आपली. तू इथल्या शाळेत शिकलीस म्हणून वाचशील. पुण्यात दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस.

तू काढून दिलेलं तिकीट आणि बायकांच्या सहलीची पावती मेलवर आली. मी ती डोळे भरून पाहिली आणि पुसली. यांनी मागेच संगणकात कसलीशी पट्टी घातली आहे. परवा मी तिच्यात सहज 'पुणे' टाकून पाहिलं. पुसलेलं तिकीट, पावती, वाई, सातारा, सगळं बाहेर. मी घाईने सुपातले तांदूळ त्या पडद्यापुढे धरले. हे मागून विचारतात, आता संगणकासमोर निवडायचे का?

यांना आधी का सांगत नाही ते तुला माहीत आहे. काशीच्या वेळी यांची दाढ दुखली. प्रद्युम्नच्या पदवीदानाच्या आदल्या दिवशी यांनी कंबर धरली. पोटच्या पोराची पदवी मी फोटोत पाहिली. गाडी सुटली की यांची कंबरही सुटते. या वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगणार. एका रात्रीत माणूस किती आजारी पडेल?

वीधीतलं घरन् घर मला रायर मामी म्हणतं, म्हणजे मराठ्यांची मामी. जन्म इथला, सासर इथलं, आणि महाराष्ट्र मी नकाशात पाहिलेला. मला एकदा अशा गावात उभं राहायचं आहे जिथे रस्त्यावरचं भांडणसुद्धा मराठीत होतं. एवढंच. त्याच्या आड मी काही येऊ देणार नाही, यांची कंबरसुद्धा.

तेव्हा ही पट्टी यांना काही दाखवायच्या आत काय करायचं ते लिही. उत्तर शेजारच्या सरोजाच्या नावाने पाठव. ती विचारणार नाही. आधीच सगळं माहीत असतं तिला.

लोभ असू दे, गुपितासकट.

तुझी
काकू


पुणे
११ फेब्रुवारी

ती. काकास सा. न. वि. वि.

मी दिवसभर संगणकातल्या चुका शोधते आणि घरचे लोक चुका टपालाने पाठवतात.

प्रत्येक लपवलेली फाइल चोर नसते. यंत्राच्या कामाच्या फाइली लपवतात, म्हणजे तुमच्यासारख्यांनी त्या पुसू नयेत. ही पट्टी मात्र साधी नाही. ती तुमचा प्रत्येक कागद वाचून त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवते. तुम्ही कागद पुसता, नक्कल राहते. संगणक सुरू होताना तीही गुपचूप सुरू होते आणि पुसलेल्या फाइली परत मांडते. तुम्ही काय काय शोधलंत, त्याचीही आठवण ठेवते. यातलं बाहेर किती जातं ते मी इथून सांगू शकत नाही. अटींत लिहिलेलं असणार. तुम्ही 'पुढे' दाबलंत.

तिला घालवायचं तर पंचांगही काढावं लागेल. दोघं एकाच दाराने आले आहेत. कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. पाडवा होऊ दे मग काढतो, असं तुम्ही म्हणणार हे मला दिसतंय. म्हणू नका.

आणि डॉक्टरकडे जा. साखर पुसून जात नाही, हे तर पट्टीनेही तुम्हाला दाखवलं.

तुमची
अखिला


पुणे
११ फेब्रुवारी

ती. सौ. काकूस शि. सा. न.

घाबरू नका. पट्टी काढायची कृती सोबत आहे, पण पंचांगही त्याबरोबर जाईल. ते गेल्याचं काकांना लगेच कळेल, तेव्हा बेताने. तोवर निदान तुमचे शोध पुसा. पट्टीवर नुसतं क्लिक केलं की खाली जुने शोध उघडतात. तुमचे असतील ते काढून टाका. दुसऱ्या कोणाचे दिसले तर वाचू नका.

स्वेटर आणा. वाईला पहाटे गारवा असतो आणि माझा तुम्हाला बसणार नाही.

तुमची
अखिला


मेल वीधी, तंजावूर
१७ फेब्रुवारी

चि. अखिलास आशीर्वाद.

वाचू नका असं लिहितात का कधी? मी वाचले.

'साखर किती म्हणजे फार.' 'अशोका हलव्यात साखर किती.' 'हलवा खाऊन चाललं तर उतरते काय.' 'बायकोला न कळता पथ्य कसे करावे.' वर तारखा. सगळ्या माझं तिकीट निघायच्या आधीच्या. म्हणजे या वेळची कंबर खरी आहे.

 आधी राग आला. इतकी वर्षं खोटं दुखलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं, आणि आता खरं आहे तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसतात. जायचं रद्द करावं असं वाटलं. तिकीट रद्द कसं करतात तेही पट्टीला विचारलं. तिने लगेच सांगितलं. मग वाटलं, आज राहिले तर पुढच्या वर्षी गुडघे माझे असतील.

सध्या एवढं केलं आहे. नवस बोलले म्हणून सांगितलं, घरात गोड बंद. सकाळच्या कापीत साखर नाही. भाताला निम्मी वाटी, बाजरीची भाकरी, कारलं. कोणत्या देवाचा नवस ते यांनी विचारलं नाही. बरं झालं, मी ठरवलेला नव्हता.

जाऊ की राहू, तू सांगू नकोस. तू जा म्हणशील आणि तो दोष तुझ्यावर येईल. नुसतं कळवलं.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझी
काकू


मेल वीधी, तंजावूर
२१ फेब्रुवारी

चि. अखिलास अनेक आशीर्वाद.

माझं नशीब बघ. तुझ्या काकूने नेमका आत्ता नवस बोलला. घरात गोड नाही. मी न मागता पथ्य चालू आहे आणि तिला कशाचा पत्ता नाही! कारल्यापुरती कुरकुर करतो, नाही तर संशय येईल.

दुसरी बातमी. माझ्याविषयी आणखी काय साठवलं आहे ते पाहावं म्हणून पट्टीत माझंच नाव टाकलं. पुण्याहून निघणाऱ्या सहलीचा अर्ज निघाला. प्रवासी, सौ. भामा. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे, तिथे माझं नाव. खाली तिने आपण होऊन एक ओळ घातली आहे की, यांना शक्यतो कळवू नये, घाबरतात.

पुण्यात तुझ्या नाकाखालून हे झालं आणि तू मला संगणक शिकवत होतीस.

तो अर्ज मी दोनदा वाचला. काशी आठवली, पदवीदान आठवलं. दाढ खरी होती, पण तेवढी नव्हती. आणि आता तेवढी साखर आहे तर ती सांगायची सोय नाही. सांगितली तर ती राहील, आणि जन्मभर म्हणेल की याही वेळी.

तिसरी ऐक. काल दोघं मिळून पाडव्याची तिथी पाहत होतो. पंचांगाच्या बाजूला जाहिरात आली. मधुमेही ज्येष्ठांसाठी महाराष्ट्र दर्शन, पथ्याचे जेवण, जोडप्यांना सवलत. पंचांगावर ती बराच वेळ राहिली. तुझी काकू म्हणाली, पाडवा मंगळवारी येतो. मी म्हणालो, हो, मंगळवारी. ती स्वयंपाकघरात गेली, मी चप्पल शोधायला.

बाहेर किती जातं ते तू सांगू शकत नव्हतीस, आता दिसलं: कोणीतरी बाहेर बसून आमचं घर वाचतंय.  तरी पट्टी आठवडाभर राहू दे. ती शोध लक्षात ठेवते ना? 'तिकीट रद्द कसं करतात' हा तिच्यातला शोध माझा नाही, म्हणजे तुझी काकूही तिच्यात डोकावते. मग थोडं काम तिच्याकडून करून घेतो.

कळावे. लोभ ठेव, सल्ला नको.

चिदंबरकाका


मेल वीधी, तंजावूर
१ मार्च

चि. अखिलास आशीर्वाद.

सोमवारी संध्याकाळी हे संगणकापुढे बसले. एका बोटाने, मला आत ऐकू जाईल असं टकटक करत. मग दारात दोनदा खोकून फिरायला गेले. यंत्र चालूच. मी हात पुसून जाऊन पाहिलं. पट्टीखाली नवे शोध: 'बायको सहलीला गेल्याने नवऱ्याची साखर वाढते काय.' त्याखाली, 'वाढत नाही.' त्याखाली, 'कंबरदुखी या वर्षी बंद.'

मी खुर्ची ओढून बसले आणि टाकलं: 'डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाच्या बायकोचे तिकीट आपोआप रद्द होते काय.' आणि सरोजाकडे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी धुतलेली वेष्टी नेसून, झेरॉक्सला जातो म्हणून बाहेर पडले. झेरॉक्सला कोणी उपाशीपोटी जात नाही. संध्याकाळी पट्टीत: 'गोळी सकाळी एक. घाबरण्यासारखे नाही, असे डॉक्टर म्हणाले. बायको कधी निघते.' मी उत्तर टाइप केलं नाही. तिकीट छापून आणलं आणि यांच्या कापीच्या पेल्याखाली ठेवलं. यांनी कापी प्याली, तिकीट वाचलं, पेला परत त्यावर ठेवला. तोंडाने अजून कोणी काही बोललेलं नाही.

पापनाशमहून यांच्या थोरल्या बहीण, हिराअक्का, राहायला येणार आहेत. त्यांना सगळं सांगितलं आहे. त्यांच्यापुढे हे हलव्याचं नावही काढणार नाहीत. बोलावल्याचं कळल्यावर यांनी पट्टीत टाकलं, 'हिराअक्कापेक्षा मधुमेह बरा काय.'

बुधवारी निघते. स्टेशनवर ये. मी हिरव्या साडीत असेन, पण तू मला ओळखतेस.

तुझी
काकू


वाई
१३ मार्च

नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. मायना काय घालतात ते अखिलाला विचारलं. ती हसत सुटली. म्हणून मायना नाही.

काल इथल्या बस स्टँडवर दोन बायका एका बाकावरून भांडत होत्या. पिशवी आधी कोणी ठेवली, यावर. मी उभी राहून पूर्ण ऐकलं. एक शब्द सुटला नाही. इतकं समजलं की राहवलं नाही, मी मध्ये पडले. दोघींनी भांडण सोडून मला विचारलं, तुम्ही असं जुन्यासारखं बोलता, कुठल्या? तंजावूर म्हटलं. ते कुठे आलं? सांगितलं. मराठी कुठे शिकलात? घरी. दोघींनी पिशव्या उचलल्या आणि त्या बाकावर मला मध्ये बसवलं. मग माझ्या दोन्ही बाजूंनी भांडण पुन्हा सुरू झालं.

मुरलीला बोलावून ती पट्टी काढून टाका. पंचांग गेलं तरी चालेल. कोणी परक्याने वाचावं असं आपल्यात काही उरलेलं नाही, आणि तुम्हाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, मी यंत्रापेक्षा लवकर सांगते. हिराअक्का रोजचा साखरेचा आकडा मला फोनवर देतात. तुम्ही देता तो वेगळा असतो. त्यांचा मी खरा धरते.

सहल परवा संपते. त्यानंतर चार दिवस मी अखिलाकडे राहणार आहे. विचारत नाही, कळवते. तुमची दाढ आणि कंबर या दोघींनाही तसं सांगून ठेवा.

लोभ वाढावा, साखर वाढू नये.

भामा