कडावचा तांदूळ

बाबा, आज कार्यालयात एक जुनं कार्ड हाती लागलं. वरचा अर्धा भाग तुमच्या अक्षरात, खालचा माझ्या. आमच्याकडे संगणक आलाय, आणि कोर्टाने तुरुंगात न धाडता आपल्या देखरेखीखाली घरी सोडलेल्या सगळ्या जुन्या माणसांची माहिती त्यात भरायची आहे. मी कार्डं वाचून दाखवते, टंकलेखिका भरते. कडावच्या त्या मुलाचं कार्ड आलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, निकाल काय लिहू?" मी सांगितलं, "मुचलका रद्द. सहा महिने शिक्षा." तिने ते लिहिलं, मी पुढचं कार्ड उचललं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन चहा ठेवला, तरीही काही वाटेना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही प्रोबेशनचे साहेब होतात हे कर्जत-खालापुरातल्या निम्म्या गावांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही खाकी कापडाची रिकामी पिशवी घेऊन एसटीने जायचात, गावाबाहेर उतरायचात आणि दोन-चार घरी तांदळाची चौकशी करत करत त्या माणसाच्या ओटीवर टेकायचात. त्याचं कसं चाललंय, कामावर जातो का, पितो का, सगळं तांदूळ निवडता निवडता विचारून घ्यायचात. निघताना शेर-दोन शेर विकत घ्यायचात. गावाला वाटायचं, कर्जतचा कोणी चोखंदळ गिऱ्हाईक आहे. आपल्या स्वयंपाकघरात मात्र दर घराचा वेगळा तांदूळ, आणि आई सगळा एकाच पातेल्यात रांधायची. काही शितं गाळ, काही टणक. "तुमची माणसं सुधारायची तेव्हा सुधारोत," आई म्हणायची, "मला एकदा एका जातीचा तांदूळ आणून द्या." तुम्ही हसायचात आणि एक घास तोंडात घोळवून सांगायचात, हा कडावचा, हा खालापूरकडचा. आणि ते खरं निघायचं.

कडावच्याने भाताच्या गिरणीतल्या मोटारीची तांब्याची तार चोरली होती. पहिलाच गुन्हा, वय चोवीस, घरी एकटी आई. तुम्ही कोर्टाला अहवाल दिलात की याला गावातच राहू द्यावं, आणि दोन वर्षं नीट वागण्याच्या मुचलक्यावर तो सुटला. गिरणीवाल्यालाही तुम्हीच गप्प राहायला राजी केलंत. वर्षभराने तुम्ही निवृत्त झालात आणि योगायोगाने त्याच भागात माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी डबा भरताना तुम्ही ती पिशवी माझ्यापुढे धरलीत. तेव्हा आठवड्यातून एकदा जीप मिळू लागली होती, छापील तक्ते आले होते, एका दिवसात सहा भेटी उरकायच्या होत्या. मी म्हणाले, "बाबा, सरकारी काम चोरून कशाला करायचं?" तुम्ही एरवी घरात शुद्ध बोलायचात, पण राग आला की गावाकडचं बोलणं तोंडात यायचं.

"काम नाय लपवायचं गं. माणूस लपवायचा, दोन वर्षं. आपण धर्म बदलला तरी गाव आपल्याला कुठल्या नावानं हाक मारतं, ठाव हाय ना तुला? गावानं एकदा नाव ठेवलं की ते कोर्टाला बी पुसता येत नाय. गाडी वेशीवर ठेव."

मी पिशवी खुंटीला अडकवली आणि जीपमध्ये बसले.

कडावला आम्ही दुपारी पोचतो. चालक गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून खणखणीत आवाजात त्याच्या नावाने घर विचारतो, वर म्हणतो, "कोर्टाचं काम हाय." पोरंसोरं, बायका गाडीमागून चालत येतात. त्याच्या ओटीवर नवी सतरंजी, तिच्यावर शेलूहून आलेले पाहुणे, हातात पोह्यांच्या बश्या. मुलीकडचे होते, त्याच्या लग्नाची बोलणी पक्की होत आली होती. मुलीच्या मामाने मला विचारलं, "कोर्ट कसलं हो बाई?" मी पाणी मागून निघून यायला हवं होतं. घर चुकलं म्हणायला हवं होतं. मी त्यांना प्रोबेशनचा कायदा समजावून सांगितला. आता गुन्हेगाराला लगेच तुरुंगात टाकत नाहीत, सुधारायची संधी देतात, आणि यांची वागणूक अगदी समाधानकारक आहे. मला वाटत होतं, मी त्याची शिफारसच करते आहे. मामांनी अर्धी बशी खाली ठेवली. तो दारात उभा होता, माझ्याकडे न बघता.

पाहुणे गेल्यावर त्याची आई मला गाडीपर्यंत पोचवायला आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं बाबा पिशवी घेऊन यायचं बाई. आमी तांदूळ द्यायचो. कोणाला काय कळलं नवतं."

पुढच्या महिन्यात तो हजेरीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गाव सोडून गेला होता. नियमाप्रमाणे मी नोटीस काढली, नियमाप्रमाणे कोर्टाला कळवलं. पोलिसांनी त्याला पनवेलला विटा वाहताना धरून आणलं. कार्डावर कारणापुढे चांगली चार ओळींची जागा आहे, बाबा. मी तिथे लिहिलंय, "हजर राहत नाही." आज संगणकातही तेवढंच गेलं.

त्यानंतर मी गाडी वेशीवर ठेवू लागले. बढती मिळाली, नव्या लोकांना शिकवते, पिशवीची गोष्टही सांगते. तुमची म्हणून सांगते. जीपची सांगत नाही.

तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तुम्ही खाटेवरून विचारलंत, "कडावच्याचं काय झालं गं?" तो तेव्हा आत होता. मी म्हणाले, "बरं चाललंय. लग्न झालं त्याचं." तुम्ही विचारलंत, "तांदूळ आणलास?" मी हो म्हणाले. आईने पेज केली. तुम्ही दोन घोट घेतलेत, बराच वेळ तोंडात घोळवलेत आणि म्हणालात, "कडावचाच हाय."

हा कागद मी त्या पिशवीत ठेवणार आहे, ती अजून खुंटीलाच आहे. तांदूळ कर्जतच्या बाजारातला होता, बाबा. आणि तुम्हाला तांदूळ ओळखता येत होता.