फळीवरचे पंधरा कागद

प्रिय दादा,

गुरुवारी तू आलास तेव्हा मी आतल्या खोलीत होते. झोपले नव्हते. नोकरी गेल्याचं एवढं नाही, पण स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही, असं तू आईला सांगत होतास. वहिनी म्हणते, हल्ली भाजी चिरतानाही मध्येच थांबतोस.

कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी तू शिकवलेलं मला अजून पाठ आहे. चिकट रेझिन भिनलेलं कार्बनचं काळं कापड, त्याच्या पाठीला निळा प्लॅस्टिकचा कागद. कागद सोलायचा, कापड साच्यात बसवायचं, कोपरे बोटाने दाबायचे, मग पुढचा थर. सोललेला प्रत्येक कागद समोरच्या फळीवर चिकटवायचा. सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला सोळा थर, म्हणजे सोळा कागद. ते मोजून मी सही केल्याशिवाय साचा भट्टीत जायचा नाही. एखादा कागद आत राहिला तर तिथे थराला थर धरत नाही, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मी दोनदा मोजायचे. हिला चांदण्या मोजायला बसवा, एक कमी भरली तर आकाश परत पाठवेल, असं तू जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायचास.

ज्या फोर्कवरून पुढे सगळं घडलं, त्या आठवड्यात मी तुझे दोन फोर्क नापास केले होते. तू दोन दिवस बोलला नाहीस. मी भावावर पाय ठेवून वर चढते आहे, अशी कुजबुज कानावर आली. घरी आई ताट वाढता वाढता म्हणाली, "बाहेरचे कमी आहेत का गं, म्हणून सख्ख्या भावाच्या मागे लागलीस?" मला तेव्हा राग आला की लाज वाटली, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या फळीवर पंधरा कागद भरले. पुन्हा मोजले, पंधराच. एखादा कुणाच्या बुटाला चिकटून गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तुला विचारलंही नाही. विचारलं असतं तर तू सगळे थर उचकटून पाहिले असतेस, हे मला ठाऊक होतं. मी तक्त्यात सोळा लिहून सही केली.

पुढचं तुला माहीत आहे. उतारावर तो फोर्क तुटला. त्या सायकलवर असलेल्या शिक्षकांचं मानेखालचं अंग आता हलत नाही. फोर्क कापून पाहिला तर सातव्या थरावर कागद तसाच. माझ्या तक्त्यात सोळा होते, म्हणून साहेबांनी ठरवलं की कागद आत राहिल्याचं तुला कळलं होतं आणि तूच फळीवर एक जादा कागद लावून मोजणी जुळवलीस. चूक नव्हे, लबाडी. माझ्या एका आकड्याने हे झालं. पाच आठवडे मी गप्प बसले आणि तू स्वतःवरच संशय घेऊ लागलास.

आज सकाळी मी चौकशी समितीला लेखी दिलं, पंधरा मोजल्याचं लिहिलेलं माझ्या डायरीचं त्या दिवशीचं पान जोडून. शिक्षकांच्या पत्नीलाही कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही. तुला हे परक्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. कागद तुझ्या हातून राहिला, ते खरं आहे आणि ते तुला सोसावंच लागेल. पण उद्या समिती तुला पुन्हा विचारेल, तेव्हा 'तो जादा कागद कदाचित मीच लावला असेन' असं म्हणू नकोस. तू लावला नाहीस, दादा. मी मोजले होते.

तुझीच,
धाकटी