जुन्या पासवर्डने दार उघडणार नाही

दादा, जयभीम.

कॉम्प्युटर आता सारखा सारखा पासवर्ड विचारेल. टेलिफोनवाल्यांना शिव्या घालू नकोस, लाइन चांगली आहे. काल नगरला इंटरनेटच्या ऑफिसात जाऊन मी माझ्या ई-मेलचा पासवर्ड बदलला. जुना तू घरच्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवला होतास, म्हणून माझी पत्रं तुला कुणाला न विचारता उघडता यायची. आता तो प्रोग्रॅम तोच जुना पासवर्ड पुढे करत बसेल आणि तिकडचा सर्व्हर त्याला दारातूनच हाकलेल.

पुण्याच्या कॉलेजने मला नोकरीवर बोलावलं होतं. तू माझ्या नावाने ‘घरच्या अडचणीमुळे जमणार नाही’ असं कळवलंस आणि पत्र पुसून टाकलंस. लई हुशार! खात्री करायला कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला, तो नेमका मी उचलला. आज रुजू व्हायला निघालेय. आईला माहीत आहे.

घरात दोन खाती कशाला म्हणून तू ट्रॅक्टरच्या एजन्सीसाठीही माझाच पत्ता दिला होतास ना? कंपनीचं पत्र आलंय. एजन्सी तुला दिली होती, फक्त होकार मागितला होता.

मी उत्तर धाडलं, तुझ्या नावाने. घरच्या अडचणीमुळे जमणार नाही.

यशोधरा