तिसऱ्या रांगेतल्या सातजणी

ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णा,
सप्रेम जयभीम.

वहिनी आणि मुलं बरी असतील. इथं ऊन आत्ताच चटकायला लागलंय. आई मंगळवारी तुझ्याकडं यायला निपाणीहून पुण्याची बस धरणार आहे. गुडघे दाखवायचेत म्हणेल. गुडघे दुखतात हे खरंच आहे.

माझी नोकरी चालू आहे. पट्टण पंचायतीची प्रत्येक नोटीस आधी कन्नडमध्ये लिहायची, मग मराठीत, मग दोन्हीकडची बोलणी खायची. कुणाची अक्षरं वर, कुणाची मोठी. अकरा वर्षं झाली. दमले रं.

गेल्या रविवारी पंचायतीनं ‘सगळ्यांचं गाव’ म्हणून सोहळा केला. प्रत्येक समाजाला मंचावर दहा मिनिटं. लेझीम, डोळ्ळूचे ढोल, लंबाणी बायकांचा नाच, कव्वाली. यादी माझ्याकडं होती. आईनंही नाव दिलं होतं. ती, गंगव्वा आणि विडी कारखान्यातल्या जुन्या पाचजणी. विड्या वळताना एक ओळ आई मराठीत म्हणायची, पुढची गंगव्वा कन्नडमध्ये जोडायची, तीच गाणी. तीन आठवडे आपल्या सोप्यात तालीम चालली होती.

अध्यक्ष मारुतीरावांनी यादी बघितली. “ह्ये कुठल्या भाषेच्या रकान्यात घालायचं? हिकडं घातलं तर ते वरडत्यात, तिकडं घातलं तर आपलीच माणसं. तुमीच बघा बाई काय ते.” एवढंच. खोडा असं ते म्हणाले नाहीत.

मी खोडलं.

आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत रविवार उजाडला. सातहीजणी इरकली लुगडी नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवं नाव पुकारलं की आई पदर सावरायची. शेवटी आभार झाले, खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

“आमचा नंबर ऱ्हायला की गं.”

“वेळ संपला, आई.”

“व्हय, व्हय,” म्हणाली आणि बाकीच्यांची समजूत काढत घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी गंगव्वा दाखल्यासाठी ऑफिसात आली. यादी अजून भिंतीवर होती, त्यांच्या नावावर पेनची रेघ. संध्याकाळी आईनं विचारलं, “रेघ तूच मारलीस व्हय?”

“व्हय.”

“मारुतीरावानं सांगितलं असंल तर तसं म्हण. मला लई बरं वाटंल.”

खोटं बोलायची सोय तिनंच करून दिली होती, अण्णा. मला ती घेता आली नाही.

“न्हाय. मीच भ्याले.”

तिनं सोप्यातली तालमीची सतरंजी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, “कारखान्यात मुकादम लई वंगाळ हुता. पर गाणं त्यानं कधी थांबवलं न्हाय.”

शुक्रवारच्या सभेत मी उभी राहिले. नाव मी खोडलं हे सगळ्यांसमोर सांगितलं, त्या बायकांना मानानं बोलवा म्हटलं. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर मिळालं. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं ऐकलं आणि बॅग भरायला घेतली.

तिच्याजवळ हा विषय काढू नकोस. परत कधी येणार हे तिनं सांगितलेलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. तू विचारून कळवशील?

तुझी,
रचना