बाटली हलवू नये

३ जानेवारी, सकाळी ९
पीएचडीचं सातवं वर्ष. मुदतवाढ संपते ३१ मेला. एक पेपर हवा. एकच. होऊन जाईल.
प्लॅन: तांब्याचे चार अणू, आयोडीनचे चार, त्यांचं टोळकं म्हणजे क्लस्टर. अशी टोळकी रचून असा पदार्थ करायचा, जो विषारी वाफ लागली की यूव्ही दिव्याखाली रंग बदलेल. एक धड स्फटिक मिळाला की काम फत्ते. संकल्प: स्फटिक वाढेपर्यंत बाटली पंधरा दिवस हलवायची नाही.

४ जानेवारी
थोडीशी हलवली. बघायला नको?

९ जानेवारी
शेजारच्या बेंचवरची ज्युनियर म्हणाली, दादा, दिवसातून सहा वेळा उचलता तुम्ही. साफ खोटं. चार वेळा. बायको म्हणते, मी घरी कुकरही शिट्टीआधी उघडायला जातो. दोघींना संशोधनातलं ओ की ठो कळत नाही.

२ फेब्रुवारी
अकरावी बाटली. तळाशी चिखल. दोष सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रावकाचा. वैतागून धुवायच्या ट्रेमध्ये टाकली. ज्युनियरने विचारलं, मी घेऊ का? म्हटलं, घे बाई, तुलाच लखलाभ. मन मोठं असावं लागतं.

१६ फेब्रुवारी
ज्युनियर ती बाटली कपाटात ठेवून दोन आठवडे माहेरी गेली. आता शांततेत काम. उद्यापासून.

२ मार्च
दगा! ती आली, कपाट उघडलं, तर माझ्या बाटलीत साखरेच्या दाण्याएवढे स्फटिक. दिव्याखाली पिवळे, वाफ लागताच निळे. आमच्या गाईड सरांनी तिची पाठ थोपटली. माझी बाटली! माझं तांबं! धाकटी बहीण मानलं, तिने केसाने गळा कापला.
जेवलो नाही. बायको म्हणाली, तूच दिलीस ना? दिली. पण तिने घ्यायला नको होती.

९ एप्रिल, सकाळी १०.१५
मुदतीला सात आठवडे. ज्युनियरची मेल: दादा, पेपरचा ड्राफ्ट जोडलाय, बघून घ्या. उघडणार नाही. आपल्याच घरची चोरी कोण वाचत बसतो?

१०.४०
सरांना मेल केली. या पेपरवर एक तर तिचं नाव राहील, नाहीतर माझं. फार बरं वाटलं.

११.०५
ड्राफ्ट उघडला. फक्त चुका काढायला. पहिलं नाव माझं. तिचं दुसरं.

११.०६
पाठवलेली मेल परत कशी घेतात?

११.२०
सरांचं उत्तर: स्फटिक तिने वाढवले. तुझ्या इच्छेप्रमाणे तुझं नाव काढलंय.

११.३०
ज्युनियर येऊन उभी राहिली. डोळे लाल. विचारत होती, दादा, मी तुमचं काय वाईट केलं होतं? पुष्कळ आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काही सापडलं नाही.