काकू तिसऱ्या अंकातून न परतल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (उठवायची घाई करू नका. पत्र पूर्ण वाचल्यावर कदाचित मी तसाच आडवा पडलेला तुम्हाला बरा वाटेन.) आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेताय ना? आजची राहिली असेल तर आधी ती घ्या आणि मग पुढे वाचा. हे मी पुतण्या म्हणून सांगतोय, आणि धास्तावलेला माणूस म्हणूनही.

काकू रविवारच्या गाडीने का आली नाही, आणि फोनवर मी "जरा नाटकाचं निघालंय" एवढंच पुटपुटून फोन का ठेवला, याचा खुलासा तुम्ही मागितलात. मागणं रास्त आहे. तुम्ही जन्मभर वजनमापांचे इन्स्पेक्टर होतात, दुकानदाराच्या तराजूतली चिमूटभर खोट तुमच्या नजरेतून सुटली नाही, ती पुतण्याच्या बोलण्यातली कशी सुटेल? तर काकूचा डोळा उत्तम आहे. ज्यासाठी ती इथे आली तो मोतीबिंदू निघाला, चष्मा मी माझ्याच दुकानात माझ्या हाताने करून दिला, आणि आता समोरच्या गच्चीवर कोणाचा सदरा नीट न पिळता वाळत घातलाय हेही तिला इथून दिसतं. डोळ्याची काही तक्रार नाही. जे झालं ते डोळा बरा झाल्यानंतर झालं, आणि त्यात माझा दोष एवढाच की मला फुकटचे पास नाकारता आले नाहीत.

आमच्या गिऱ्हाइकांत एक नाटकाचे दिग्दर्शक आहेत. दुकानात आम्ही त्यांना भिंगमास्तर म्हणतो, कारण त्यांचा नंबर इतका मोठा की काच घासून घासून फ्रेममध्ये बसवावी लागते, आणि तोवर ते समोर बसून व्याख्यान देतात. त्यांचं म्हणणं असं की पश्चिमेकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही नाटकवाल्यांना राजे, तलवारी आणि पद्यात मरणारे नायक यांचा वीट आला. त्यांनी रंगमंचावर सरळ राहत्या घराची खोली मांडली, खरं टेबल, खरा दरवाजा, खरी भांडणं. खोलीची एक भिंत तेवढी काढली आणि तिथून प्रेक्षकांनी शेजाऱ्यांसारखं आत डोकवायचं. आतल्या नटांनी मात्र भिंत जागेवरच आहे असं धरून चालायचं, बाहेर कोणी शिंकलं, घोरलं, मेलं तरी तिकडे बघायचं नाही. मग काही वर्षांनी दुसरे आले. ते म्हणाले, असं डोकावून लोक डोळे पुसतात आणि घरी जाऊन होते तसेच वागतात. तेव्हा दिवे लावा, गोष्ट मध्येच थांबवा आणि प्रेक्षकालाच विचारा, की बाबा रे, यात अन्याय कोणाचा, आणि तू काय करणार आहेस? पहिले वास्तववादी, दुसरे राजकीय. भिंगमास्तरांना दोन्ही आवडतात (त्यांना जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर आहेत, त्यातलाच हा प्रकार), म्हणून त्यांच्या नाटकाचे पहिले दोन अंक पहिल्या पद्धतीचे आणि तिसरा दुसऱ्या. मी मान डोलावली. फ्रेम कानावर बसवताना गिऱ्हाइकाला विरोध केला की ते हलतं, म्हणून मी सगळ्यांनाच मान डोलावतो. त्यांना वाटलं मी रसिक आहे, आणि त्यांनी तीन पास काढून दिले.

राजकीय म्हटल्यावर मला वाटलं मंत्री असतील, निवडणूक असेल, कोणीतरी भाषण ठोकेल. काकूला मी तसं सांगितलंही, की कंटाळा आला तर खुशाल डुलकी काढ. शनिवारी दुपारचा प्रयोग होता. आमची ही, मी आणि काकू, तिघं पहिल्या रांगेत. पडदा उघडला तर समोर स्वयंपाकघर. नळाला खरं पाणी, शेगडीला खरा गॅस, त्यावर पातेल्यात खरं दूध. काकू माझ्या कानाशी लागली, "त्यांच्या नळाची चकती गेलीय." खुर्चीत नवरा पेपर वाचत बसलेला. बायको म्हणते, मला तुमच्याशी बोलायचंय. तो पेपरामागून म्हणतो, बोल, ऐकतोय. यावर काकू मोठ्याने हसली. अख्ख्या नाट्यगृहात एकटी. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मी तिच्या हसण्यावरून एवढंच ताडलं की तिला नाटक आवडतंय.

पुढे भांडण पेटलं. भांडता भांडता एका ठरलेल्या वाक्याला बायको शेगडी बंद करते, असं बसवलेलं आहे. त्या दिवशी नवऱ्याचं काम करणारा नेमका आधीचं वाक्य विसरला (हे मला नंतर कळलं), आणि दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. इकडे दूध वर यायला लागलं. काका, तुम्ही काकूला ओळखता. घरात चोर शिरला तर ती आधी दिवा लावून कोण आहे ते बघेल, पण दूध वर येताना बसून राहणं तिच्या हाडातच नाही. ती उठली. मला वाटलं, बाथरूमला चालली असेल. ती कडेच्या पायऱ्यांनी थेट रंगमंचावर चढली, गॅस बंद केला, पातेलं फडक्याने धरून उतरवलं, आणि हातासरशी शेगडीही पुसून घेतली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण खालचा मजला गाडीतळाचा होता आणि तसं काही झालं नाही.

आता कोणीतरी तिला हात धरून खाली आणेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण इथे ती भिंत आडवी आली. भिंगमास्तरांनी आपल्या नटांना बजावून ठेवलंय की रंगमंचावर जे येईल ते घरातलंच धरायचं. (मागे एकदा मांजर आलं होतं, ते पूर्ण अंकभर घरचं म्हणून राहिलं.) त्यामुळे बायकोचं काम करणारी ती गुणी मुलगी क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी आलात?" कोणी आदराने विचारलं की काकू उत्तर देतेच. ती म्हणाली, "आत्ताच. चालू द्या तुमचं." आणि स्टूल ओढून बसली, आणि टेबलावरच्या मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या. शेंगाही खऱ्याच होत्या. दुसऱ्या अंकात नवऱ्याने पुन्हा पेपर उघडला तेव्हा तिने सोलता सोलता मान वर न करता सांगितलं, "आधी तो पेपर खाली ठेवा." बिचाऱ्याने ठेवला. तो अंक संपेपर्यंत त्याला पेपराशिवाय काही कामच नव्हतं, त्यामुळे उरलेला वेळ तो आपल्या हातांकडे बघत बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, त्या म्हाताऱ्या बाई काय सहज काम करतात. मी त्या बाईंना ओळखत नसल्यासारखं तोंड केलं, देव मला क्षमा करो.

मध्यंतरात मी आत धावलो. काकू चहा पीत होती आणि भिंगमास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते. म्हणाले, खरं आयुष्य रंगमंचावर आणायला मी उभी हयात घालवली, आज ते आपल्या पायांनी चढून आलं. मी म्हटलं, खऱ्या आयुष्याचं उद्याच्या गाडीचं तिकीट काढलेलं आहे. पण माझं कोण ऐकतो? काकू म्हणाली, शेंगा अर्ध्या राहिल्यात.

काका, आता खरा घोळ सांगतो. तिसऱ्या अंकात नाट्यगृहातले सगळे दिवे लावले. नाटकातली बायको पुढे येऊन आम्हालाच म्हणाली, मी या घरात राहावं की जावं, ते तुम्ही ठरवा, आधी घरातल्यांच्या साक्षी ऐका. एकेक पात्र येऊन बोलून गेलं. मग ती काकूकडे वळली. मला वाटलं, काकू लाजून उठेल. काकूने मांडीवरची टरफलं झटकली आणि पुढे आली.

तिने तुमचं नाव घेतलं नाही, हे आधी सांगतो. उलट तुमचं भलं बोलली. माणूस सरळ आहे, व्यसन नाही, कधी आवाज चढवला नाही, बाजारातले तराजू त्याच्यामुळे खरं बोलतात. (इथे शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, म्हणजे नवरा देवमाणूस.) पुढे म्हणाली, फक्त मी काही सांगितलं की तो 'हं' म्हणतो. एकदा मुद्दाम म्हटलं, अहो, मोरीत साप निघालाय. तर म्हणाला, बरं, झाकून ठेव. सगळं नाट्यगृह खो खो हसलं. मीही हसलो, मग तो नवरा कोण ते आठवून थांबलो. हसणं ओसरल्यावर ती तशाच साध्या आवाजात म्हणाली, की एका डोळ्याने धूसर दिसतंय असं मी घरात वर्षभर सांगत होते. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कोणाला बोलला नाहीत का? मी म्हटलं, रोज बोलत होते. त्यावर कोणी हसलं नाही. काका, मी चष्म्याचा धंदा करतो, आणि वर्षभर दर सणासुदीला तुमच्या घरी जेवून आलो. मलाही ते ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला तुमचा राग आला, आणि माझाही आला, हे लपवत नाही.

मग हात वर करायला सांगितलं. जाण्याच्या बाजूने हातांचं जंगलच्या जंगल उभं राहिलं. आमच्या हिचा हात सगळ्यांत उंच. माझे हात मांडीवर होते. मत पडल्यावर नाटकातली बायको ठरल्याप्रमाणे दार उघडून निघून गेली, आणि काकूही तिच्यापाठोपाठ गेली. ते दारही खरंच होतं, मागच्या गल्लीत उघडणारं. मी पुढच्या दाराशी वाट बघत राहिलो, आणि ती तिन्हीसांजेला त्या मुलीबरोबर चालत घरी आली. पाय धुतले आणि शांतपणे म्हणाली, उद्याचं तिकीट रद्द कर, मला दर शनिवार-रविवार काम मिळालंय. मी म्हटलं, अगं काकू, ते नाटक होतं, ती मतं खोटी. ती म्हणाली, हात तर खरे होते. मी भांडून आलेले नाही, रागावलेलेही नाही. फक्त मत पडलंय.

मी तडक भिंगमास्तरांना गाठलं. तर तेच माझ्याहून जास्त हादरलेले. म्हणाले, इतकी वर्षं प्रेक्षकांना विचारतोय, तुम्ही काय करणार? आजवर कोणी काही केलं नव्हतं हो. एखाद्या वकिलाला भेटावं का, असंही त्यांनी मलाच विचारलं. घ्या, म्हणजे विस्तव पेटवणाराच पाण्याची बादली शोधत फिरतोय. घरी आमची ही तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला हात वर करायला सांगते. भाजी कोणी चिरायची यावर मत झालं. दोन विरुद्ध एक.

सर्व हकिकत मीठमिरची न लावता कळवली आहे. राग माझ्यावर काढावा, काकूवर काढू नये. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना तुम्हीच सांगा काय सांगायचं ते.

आपला, अजून तरी आज्ञाधारक,
पुतण्या

ता. क. माझे हात मांडीवर होते असं वर लिहिलंय. एक होता.

ता. क. दुसरा. काकू जेवते नीट. तुमच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या खणात डावीकडे आहेत, असं तिने न विचारता सांगितलंय.

ता. क. तिसरा. खरं तर एवढं सगळं यासाठीच लिहिलं. नवऱ्याचं काम करणारा नट सोडून गेला. काकूने नुसतं बघितलं तरी त्याचे शब्द हरवतात. भिंगमास्तर म्हणतात, आता खराच नवरा हवा. काम सोपं आहे, खुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि 'हं' म्हणायचं. तुम्हाला तालमीचीही गरज नाही म्हणतात. काकू हसण्यावारी नेईल म्हणून तिला सांगितलं, तर तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "पहिले दोन अंक ह्यांना झोपेतही येतील. तिसऱ्यात नवऱ्याला बोलायचं काहीच नसतं. बायकोसमोर बसून तिचं शेवटपर्यंत ऐकायचं असतं. ते ह्यांना जमायचं नाही." मी बरं म्हणून उठलो, तर दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, "तरी लिहून बघ. आले, तर मत पुन्हा घेता येतं."