मोझांबिकचा शिक्का

सॉल्सबरी, ऱ्होडेशिया, १९६७

चेंजेराई, माझ्या भावा,

जगाने इथल्या मालावर निर्बंध लावले की हे गोऱ्यांचं सरकार कोसळेल, असं तू लंडनला जाताना म्हणाला होतास. आमच्या कारखान्यातला तंबाखू अजून परदेशी जातो. माल इथला आहे हे कळू नये म्हणून गाठींवर शेजारच्या मोझांबिकचा शिक्का मीच मारते. कामावरून काढले ते मात्र आपलेच लोक.

परवा तुझ्या नावाने पत्र आलं. अक्षर हुबेहूब तुझं. 'ताई, शिक्के कुठे मारतात ते कळव. आई बरी आहे ना?'

आईला माती देऊनच तू निघाला होतास. म्हणजे पत्र पोलिसांचं, शिक्क्यांचं गुपित मी बाहेर फोडते का ते पाहायला. मी उत्तर धाडलं, 'मी फक्त झाडू मारते. आई मजेत आहे.'

हे खरं पत्र चुलीत जाईल. तुझा खरा पत्ता कोणाला विचारू? ज्याला विचारीन, तोच त्यांचा खबऱ्या निघायचा.

तू जिवंत असशील, असं मानणारी,
शुवाईताई